आमच्या घरी आलेला अणू : डॉ. होमी भाभा

(एस. वाय. बी. ए.)

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा एका शास्त्रज्ञाच्या चरित्रावर मी का लिहावे, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडेल, आणि वर्गातल्या मैत्रिणी तर हसतीलच. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीबरोबर सुटला. पण डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव मला पुस्तकात भेटण्यापूर्वी कांद्याच्या ट्रॉलीवर बसलेली असताना भेटले, आणि दुसऱ्यांदा भेटले ते आईच्या आजारपणात. म्हणून हे धाडस.

आमचे गाव निफाड तालुक्यातले. घरची चार एकर जमीन, तीत कांदा आणि थोडा मका. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. लहानपणी दादांबरोबर (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) कांद्याच्या ट्रॉलीत बसून लासलगावच्या मार्केटला जाण्याची मला भारी हौस. त्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली एक केंद्र उभारले. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचे किरण ठराविक मात्रेत कांद्यावर सोडायचे, म्हणजे पुढे त्या कांद्याला कोंब फुटत नाही, अशी ती योजना. दादांनी हे घरी सांगितले तेव्हा आजीने स्पष्ट बजावले, की असला अणू लागलेला कांदा ती आपल्या चुलीपाशी येऊ देणार नाही. अणू म्हणजे बॉम्ब, एवढेच आम्हा सर्वांना ठाऊक. आजीचे मला तेव्हा पटले होते.

मी अकरावीत असताना आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. नाशिकच्या एका रुग्णालयात उपचार सुरू झाले. पाच आठवडे बाहेरून शेक आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. आमच्याकडे किरणांच्या उपचाराला शेकच म्हणतात. आईने ते सारे निमूटपणे सोसले. पण नंतर डॉक्टरांनी सांगितले, की आता आतून शेक द्यायचा आहे, आणि तो टाळला तर आधीच्या उपचाराचा पुरता उपयोग होणार नाही. तेव्हा मात्र आईने नकार दिला. शरीरात अणू ठेवला की ती बाई जन्मभर किरण सोडत राहते, तिच्या मांडीवर लेकरू देऊ नये, असे तिला कोणीतरी सांगितले होते. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. नातवाला उचलता येणार नसेल तर जगून काय करायचे, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते.

किरणांच्या मात्रेचा हिशोब करणारे एक तज्ज्ञ त्या रुग्णालयात होते. त्यांनी आईला समोर बसवून आधी विचारले, की तुमच्याकडे पिकते काय. कांदा म्हटल्यावर त्यांनी लासलगावचेच उदाहरण घेतले. कांद्याला कोंब येतो म्हणजे त्याच्या गाभ्यातल्या पेशी एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होऊ लागतात. किरणांनी त्यांची वाढण्याची शक्ती जाते. कर्करोगाची गाठ म्हणजे नको तेथे फुटलेला आणि थांबायचे नाव न घेणारा कोंबच होय. बाहेरून शेक देताना किरणांना चांगल्या शरीरातून वाट काढावी लागते, म्हणून हात राखून द्यावे लागतात. आतून देताना किरणांचा उगमच गाठीपाशी नेऊन ठेवतात. उगमापासून अंतर दुप्पट झाले की किरणांचा जोर साधारण चौथा हिस्सा उरतो. त्यामुळे गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि शेजारचे मूत्राशय व आतडे पुष्कळसे वाचतात. या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत ब्रॅकी म्हणजे जवळचे, थोडक्या अंतराचे.

मग त्यांनी यंत्राची रीत सांगितली. भूल देऊन पोकळ नळ्या आत बसवतात. त्या बरोबर जागी आहेत ना, हे छायाचित्र काढून पाहतात. नंतर नळ्या यंत्राला जोडून सर्वजण खोलीबाहेर जातात. तांदळाच्या कणीएवढा इरिडियम-१९२चा तुकडा बारीक तारेच्या टोकाला असतो. तो यंत्रातून नळीत जातो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत पेटीत येतो. सारा खेळ काही मिनिटांचा. आत काहीही राहत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, आणि लासलगावच्या केंद्रातून बाहेर पडलेल्या कांद्यातही किरण उरत नाहीत. तसेच हे. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने नातवाबद्दलच पुन्हा विचारले, आणि होकार दिला.

बोलता बोलता त्या तज्ज्ञांनी भाभांचे नाव घेतले होते. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयाचे कार्ड मिळाले आणि मी पहिले पुस्तक मागितले ते भाभांच्या चरित्राचे. काऊंटरवरच्या काकांनी मला विज्ञान शाखेची समजून तिकडच्या रांगेत पाठवले होते!

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सधन आणि सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा वकील. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह आणि पाश्चात्य संगीताच्या तबकड्या. आमच्या घरात पंचांग आणि सातबाराचे उतारे सोडले तर छापील कागद नव्हता. तेव्हा त्यांचे बालपण वाचताना मला थोडा हेवा वाटला, हे कबूल करते. होमींची आत्या मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांची पत्नी. या आत्याच्या घरी होमींचे जाणे-येणे असे, आणि पोलाद, वीज, कारखाने यांच्या मोठमोठ्या गोष्टी त्यांच्या कानावर पडत.

ही आत्याही साधी बाई नव्हती. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ती टेनिस खेळली. बालविवाहाच्या विरोधात आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी ती बोलत असे. दोराबजींनी तिला ज्युबिली नावाचा २४५ कॅरटचा हिरा दिला होता. १९२४मध्ये टाटांचा पोलादाचा कारखाना अडचणीत आला तेव्हा या दांपत्याने आपली सारी संपत्ती, त्यात हा हिराही, बँकेकडे तारण ठेवली आणि कारखाना वाचवला. आमच्याकडे पेरणीच्या वेळी आईची पोत सोनाराकडे जाते. पोत असो वा हिरा, तो काढून देताना बाईच्या मनाला काय वाटत असेल, ते बहुधा एकच असावे.

होमींचे शिक्षण कॅथेड्रल स्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे झाले. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. त्यांनी इंजिनियर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या कारखान्यात काम करावे, ही वडिलांची आणि दोराबजींची इच्छा. पण होमींचे मन भौतिकशास्त्रात गुंतले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून तसे सांगितले. वडिलांनी अट घातली, की इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी राहा. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनीही शब्द पाळला. मी बारावीनंतर नर्सिंगला जावे, लवकर पगार सुरू होईल, असे दादांचे म्हणणे होते. मला पत्र लिहिण्याचा धीर झाला नाही. मी आईला सांगितले आणि आईने दादांना. म्हणून चरित्रातले हे पान मी दोनदा वाचले.

याच सुमारास भाभांच्या कुटुंबावर आघात झाला. मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. जगातले उत्तम डॉक्टर परवडत असूनही त्या वाचल्या नाहीत. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी एक निधी स्थापन केला, आणि आपली उरलेली संपत्ती दुसऱ्या एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी, १९३२मध्ये, तेही गेले. तो हिराही नंतर विकला गेला आणि त्याचा पैसा त्याच विश्वस्त निधीत आला. या निधीतून मुंबईला परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

त्या काळी आतून शेक देण्यासाठी डॉक्टरांच्या हाती मुख्यतः एकच वस्तू होती, ती म्हणजे रेडियम. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली ते शोधले आणि काही वर्षांतच त्याचा गाठींवर वापर सुरू झाला. पण रेडियम अतिशय दुर्मिळ. अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी करून १९२१ साली मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्याची किंमत १ लाख डॉलर होती! शिवाय ते धोक्याचेही. रेडियमच्या सुया आणि नळ्या डॉक्टर व परिचारिका आपल्या हातांनी बसवत, रुग्ण कित्येकदा दिवसच्या दिवस तशीच पडून राही, आणि तिची सेवा करणाऱ्यांनाही किरणांचा प्रसाद मिळे. आईला जी भीती वाटत होती ती अगदीच पोकळ नव्हती, तर एका जुन्या काळाची होती, हे मला हे सारे वाचताना कळले.

इकडे केंब्रिजमध्ये होमी भाभांनी नाव कमावले होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीसंबंधीचे त्यांचे १९३५ सालचे गणित आजही भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखले जाते. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेत शिरल्यावर कणांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडली. यातले गणित मला उमगत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचा आव आणत नाही.

१९३९ साली ते सुट्टीवर भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या संस्थेत ते काम करू लागले. १९४१मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर परदेशी जाऊन सुखाने राहता आले असते. पण त्यांनी मार्च १९४४मध्ये दोराबजी टाटांच्या त्याच विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी एक संस्था काढण्याची कल्पना मांडली. अणूपासून वीज निर्माण करण्याची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागू नये, हा त्यांचा विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीची ही गोष्ट आहे, हे विशेष. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली. आत्याच्या घरच्या संपत्तीतून आधी रुग्णालय निघाले, मग भाच्याची प्रयोगशाळा. पुढे ही दोन टोके एकमेकांना भेटायची होती.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. १९५४पासून तुर्भ्याला अणुसंशोधनाचे मोठे केंद्र आकार घेऊ लागले. १९५५ साली अणूच्या शांततामय उपयोगासाठी जिनिव्हाला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद भाभांना मिळाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. रशिया सोडून आशियातली ती पहिली. इंधन ब्रिटनचे, पण बांधणी आपल्या तरुण इंजिनियरांची. पाण्याच्या टाकीत बुडालेल्या त्या भट्टीतून निळसर प्रकाश दिसे, म्हणून नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले. १९६० साली सायरस ही मोठी भट्टी सुरू झाली.

अणुभट्टी म्हटले की आपल्याला वीज किंवा बॉम्ब आठवतो. पण भट्टीचे तिसरेही एक काम असते, आणि माझ्या दृष्टीने तेच मोठे. साधा धातू भट्टीत ठेवला की न्यूट्रॉनच्या माऱ्याने तो किरणोत्सारी होतो. साध्या कोबाल्टचा कोबाल्ट-६० होतो, साध्या इरिडियमचा इरिडियम-१९२. म्हणजे ज्या किरणांसाठी खाणीतली टनावारी माती उपसून कणभर रेडियम गाळावे लागे, ते आता भट्टीत तयार करता येऊ लागले. रेडियम निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मे होते. थोडक्या आयुष्याचे, लहान तुकड्यात भरपूर जोर असलेले आणि यंत्राच्या तारेवर बसणारे असे हे पदार्थ. त्यांच्यामुळेच रेडियम हळूहळू रुग्णालयांतून गेले आणि परिचारिकेला खोलीबाहेर उभे राहता आले. भारतात अशा पदार्थांची निर्मिती तुर्भ्याच्या भट्ट्यांतून सुरू झाली.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले होते. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढत जाणार, हे भाभांनी ओळखले होते. म्हणून रुग्णालय आणि अणुसंशोधन एका छत्राखाली यावे, अशी ही व्यवस्था. जगात कॅन्सरचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण त्याच रुग्णालयामागे भाभांच्या आत्याची स्मृती उभी होती, हे लक्षात घेतले की नवल वाटत नाही. पुढच्या वर्षी, १९६३मध्ये, परळलाच किरणोत्सारी औषधांचे एक केंद्र सुरू झाले. तेथे थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ देण्याचे काम होते. हाही आतूनच दिलेला शेक. फक्त येथे नळी लागत नाही. थायरॉइड ग्रंथी आयोडीन स्वतःकडे ओढून घेते, त्याबरोबर किरणही तेथे पोहोचतात. या उपचारात मात्र रुग्णाला काही दिवस खरोखरच वेगळे राहावे लागते. पण दर आठ दिवसांनी ते आयोडीन निम्मे होत जाते, आणि मग तो माणूस पुन्हा चारचौघांसारखा घरात वावरतो.

भाभांची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हे चरित्र न होता आरती होईल. ज्या सायरस भट्टीत रुग्णांसाठी औषधी पदार्थ तयार झाले, तिच्यातलेच प्लुटोनियम १९७४ सालच्या पोखरणच्या चाचणीत वापरले गेले. ती चाचणी भाभांच्या मृत्यूनंतरची. पण बॉम्ब करण्याची आपल्या देशाची क्षमता भाभांनीही जाहीरपणे बोलून दाखवली होती. आजीच्या भीतीला आधार नव्हता, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. विळा कापणीला लागतो आणि भांडणातही निघतो. भाभांच्या हाती आलेली शक्ती अशीच दुधारी होती.

आम्हा कला शाखेच्या मुलांना जवळचे वाटावे असेही त्यांच्यात पुष्कळ होते. ते स्वतः चित्रे काढीत. रामन आणि हुसेन यांची त्यांनी पेन्सिलने रेखाटने केली. कुलाब्याच्या संस्थेत त्यांनी भारतीय चित्रकारांच्या चित्रांचा मोठा संग्रह जमवला. इमारतीच्या आड झाड आले तर ते तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. ते अविवाहित राहिले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला जात असताना त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. एकूण ११७ जण गेले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले, आणि तेच नाव पुढे आमच्या लासलगावपर्यंत आले.

आता शेवटची एक गोष्ट, जी सांगायची की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. आईचा आतला शेक पूर्ण झाला आणि ती घरी आली, त्या रात्री तिचे ताट मी वेगळे मांडले. रुग्णालयात त्या तज्ज्ञांसमोर मीच मान डोलावली होती, आणि तरी घरी आल्यावर माझ्या हाताने ते ताट भिंतीकडे सरकवले. आई काही बोलली नाही. तिने ते ताट उचलले आणि खाली मान घालून जेवली. बहिणीने मात्र पाहिले होते. ती उठली, आणि आपले लेकरू तिने सरळ आईच्या मांडीवर ठेवले. माझ्या बहिणीचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. मी शिकलेली.

भाभांचे चरित्र मी वाचले ते त्या ताटामुळे. जी गोष्ट कानांनी ऐकून हातापर्यंत उतरली नव्हती, ती नीट समजून घ्यावी असे वाटले. ज्ञान हे प्रयोगशाळेत तयार होते खरे. पण ते स्वयंपाकघरापर्यंत आले नाही तर आजारातून उठलेल्या बाईला घरातच एक दुसरा आजार सुरू होतो. तुर्भ्यापासून नाशिकपर्यंतचे अंतर भाभांनी आणि त्यांच्या माणसांनी कापले. नाशिकपासून आमच्या चुलीपर्यंतचे अंतर आम्हा पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलामुलींनी कापायचे आहे.

आईच्या उपचाराला तीन वर्षे झाली. तपासणी चालू आहे, आणि प्रत्येक वेळी कागद हाती येईपर्यंत दादा बाहेरच्या बाकावरून उठत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात चाळीत कांदा भरताना आई आणि मी शेजारी बसून निवड करत होतो. कोंब आलेला एक कांदा तिने माझ्यासमोर धरला आणि बाजूला टाकला. आम्ही दोघीही हसलो. नातू तेव्हा तिच्या पाठीवर लोंबकळत होता.